घर नंबर ४७ची सरकी

२८ ऑगस्ट २००७, मंगळवार

आज ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष म्हणून माझी निवड. एकमताने. तांड्यावरचा भीमसिंग विरोधाला उठला होता, पण मी नुसतं वळून पाहिलं तर परत बसला. त्याचा शेजारी देवीलाल म्हणाला, "पंजाबराव मास्तरले अध्यक्ष करा, म्हनजे निदान एक मानूस तं भांडनार नाही." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. गावाची विनोदबुद्धी चांगली आहे.

एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. शिस्त म्हणजे काय ते मला कोणी सांगू नये. जानेवारीत तपासणीची टीम येईल. गाव तंटामुक्त ठरलं तर वेशीवर बोर्ड लागेल, बोर्डावर अध्यक्षाचं नाव. जागा पाहून ठेवली आहे. कडुनिंबाची एक फांदी आड येते, ती तोडू.

काठीला तेल लावलं. तिचं नाव आजपासून 'मध्यस्थ'.

११ सप्टेंबर, पोळा

पहिलाच तंटा, पहिल्याच फटक्यात मिटवला.

तोरणाखालून पहिली जोडी कोणाची न्यायची यावरून देवीलाल आणि भीमसिंग यांच्यात वाद. जवळ गेल्यावर कळलं की देवीलाल म्हणत होता, "तू पहिले जाय, यंदा तुह्या घरी नातू झाला," आणि भीमसिंग म्हणत होता, "नाही, तूच जाय." म्हणून काय झालं? वाद तो वाद. मी मध्यस्थ फिरवला. बैल बुजले. तोरण गेलं, एक गाडी उलटली, देवीलालचा ओठ फुटला, भीमसिंगच्या अंगठ्याचं नख गेलं. चार मिनिटांत संपूर्ण शांतता. रजिस्टरमध्ये लिहिलं: तंटा क्र. १, मिटला.

घरी सत्यभामेनं विचारलं, शर्ट कोणी फाडला. बायकांना समाजकार्य कळत नाही. पुरणपोळीचं ताट अंगणात गेलं. हात लागला.

१६ सप्टेंबर, रविवार

मुलानं, राजदीपनं, हैदराबादहून जुना कॉम्प्युटर आणून दिला. तिथे त्याला खोली मिळाली की सून प्रियंकाला नेणार, तोवर ती आमच्याकडे. पोरगी हुशार. पांढरकवड्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे, पहिल्या नंबरात पास.

तिला सांगितलं, गावातल्या तंट्यांचा मला शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा आहे. आजकाल या जिल्ह्यात मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण फॉर्म भरून नेतो. कापूस किती पिकला, बोंडअळी किती, विष प्यायले किती. मेलेले मोजायला सगळे येतात. मारामाऱ्या मोजणारा मी पहिला.

संकल्प: दिवाळीपर्यंत एक्सेलमध्ये मास्टर.

२२ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ९

पहिला धडा. उभे ते कॉलम, आडव्या त्या रो. हे मी मुलांना मैदानावर एकतीस वर्षं शिकवलं, वेगळ्या नावानं.

मी थेट सरासरीवर गेलो. फॉर्म्युला टाकला. मशीननं 'डिव्ह झिरो' असं काहीतरी उलट उत्तर दिलं. मी पुन्हा टाकला. तेच. तिसऱ्यांदा मी कीबोर्डला समज दिली. स्पेसबार पलंगाखाली सापडला.

प्रियंका म्हणाली, "मामाजी, तुमी रिकाम्या कॉलमची सरासरी काढून राह्यले. भागायले कायीच नाही तं थे कायची भागीन?"

म्हणजे डेटा पाहिजे. बरोबर. तेवढ्यात लाईन गेली. लोडशेडिंगवाला समोर असता तर दाखवलं असतं.

२ ऑक्टोबर, मंगळवार, गांधी जयंती

अहिंसेवर भाषण केलं. वीस मिनिटं. मधे कोणीतरी जांभई दिली. कोण ते कळेना म्हणून त्या ओळीतल्या तिघांनाही एकेक दिली. तंटा क्र. ९, १० आणि ११, तिन्ही जागेवर मिटवले.

संध्याकाळी प्रियंकानं अकरा तंटे एक्सेलमध्ये भरले. म्हणाली, एवढ्याशा आकड्यांवरून काही सांगता येत नाही, सॅम्पल लहान आहे. शिवाय हे फक्त चौकातले. खरे तंटे तर घरात होतात. मी म्हटलं, घरातले कोण सांगेल? ती म्हणाली, "बाया सांगतीन. पन बोलून नाही."

विचार करतो. काहीतरी भन्नाट सुचणार आहे.

४ ऑक्टोबर

सुचलं!

प्रत्येक घराला एक बंद डबा, चहाचा नाहीतर पावडरचा. झाकणाला एक भोक. घरात कोणी हात उगारला, वस्तू फेकली किंवा अंगावर धावून गेलं की बाईनं एक सरकी आत टाकायची. सरकी गोठ्यात पोत्यानं पडलेली आहे, लिहिता यायची गरज नाही. शिव्यांना सरकी नाही, नाहीतर गावातल्या गाई उपाशी राहतील. महिन्यानं डबे उघडायचे आणि मोजायचं.

आणि गुप्तता! घरांना नावं नाही, नंबर. नंबर चिठ्ठ्या टाकून. कोणाचा कोणता ते फक्त प्रियंकाच्या वहीत. अध्यक्षालाही कळता कामा नये. हे तत्त्व मी स्वतः घातलं. प्रियंकानं दोनदा विचारलं, "मामाजी, आपल्याही घरी डबा ठेवाचा?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. आपला डबा रिकामा निघेल ते सोड, पण नियम म्हणजे नियम.

सत्यभामेनं मूठभर सरकी आणून पदराच्या गाठीत बांधली.

१५ ऑक्टोबर, सोमवार

बासष्ट घरांत बासष्ट डबे. तांड्यावर धनीबाईनं वाटले. म्हातारीला तिथे सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई, तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. ती म्हणाली, "मास्तर, भल्लं डोकं हाय तुमच्याजवळ." बऱ्याच दिवसांनी कोणी अक्कल ओळखली.

आमचा डबा चुलीवरच्या फळीवर. निळा.

१८ ऑक्टोबर

भाकर करपलेली. ताट भिंतीवर. सत्यभामेला सांगितलं की मी चिडलेलो नाही, फक्त भाकरीबद्दल मत मांडलं.

स्वयंपाकघरातून 'टक' असा आवाज आला. उंदीर झाले आहेत. पिंजरा आणायचा आहे.

१९ ऑक्टोबर

वर्तमानपत्राची घडी मोडलेली. पाट फेकला. टक.

२१ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सोनं वाटलं, सगळ्यांशी गोड बोललो. दुपारी कडुनिंबाची फांदी तोडायला चढलो. देवीलाल म्हणाला, "मास्तर, सनाच्या दिवशी झाड कायले तोडता?" मी खाली उतरून त्याला समजावून सांगितलं. समजावताना त्याचा चष्मा फुटला. तंटा क्र. १७, मिटला.

घरी येऊन सत्यभामेला सगळं सांगितलं. तिनं देवीलालची बाजू घेतली. टक. टक.

पिंजऱ्यात रोज पोळीचा तुकडा ठेवतो, उंदीर सापडत नाही. हुशार जात दिसते.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

राजदीप येणार होता. आला नाही. फोनवर म्हणाला सुटी नाही. प्रियंकाला विचारलं, तिनं मान खाली घातली. सणाच्या दिवशी अशी तोंडं पाहून माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय. तरी मी फक्त उदबत्तीचं घर फेकलं.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

डबे उघडले! ग्रामपंचायतीत सतरंजीवर बासष्ट ढीग. प्रियंका मोजत गेली, मी एक्सेलमध्ये भरत गेलो. एका बोटानं, पण भरलं. दोनदा लाईन गेली, दोनदा पुन्हा भरलं. टेबलाचा एक पाय आता हलतो.

एकूण सरक्या ७४. सरासरी १.१९. पहिल्यांदा फॉर्म्युला बरोबर आला तेव्हा खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं मुलांची कवायत मोजली, पण गाव असं एका आकड्यात कधी दिसलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, सकाळी

आज भीमसिंगच्या घरी गेलो. म्हटलं, गावात दर घरी १.१९ तंटे होतात, तुझं काय? तो म्हणाला, "आमच्या घरी एकबी नाही झाला." मी म्हटलं, सरासरी १.१९ आहे, म्हणजे तुझ्याही घरी झाला असलाच पाहिजे, लपवू नको. त्याची बायको म्हणाली नाही झाला. मी म्हटलं कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. भीमसिंगनं मला दारापर्यंत पोचवलं. पोचवण्याचा वेग जास्त होता. मी उलटून मध्यस्थ चालवला. त्यांच्या माठाचं नुकसान.

आता तरी त्यांच्या घराची सरासरी बरोबर झाली.

१७ नोव्हेंबर

प्रियंका म्हणाली, सरासरीनं फसायला होतं, मीडियन पाहा. मीडियन म्हणजे सगळ्यांना लहान ते मोठे रांगेत उभं करायचं आणि मधला पकडायचा. हे तर पी.टी.च आहे! मीडियन आला शून्य. मग मोड, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा. तोही शून्य. बासष्टपैकी चाळीस डबे रिकामे.

मग सरासरी १.१९ कुठून आली? तिनं चार्ट काढला. सगळी घरं गवतासारखी जमिनीला. मधेच एक खांब, टेलिफोनच्या टॉवरएवढा. घर नंबर ४७. एकेचाळीस सरक्या!

एकेचाळीस. बत्तीस दिवसांत. मी खुर्चीतून उठलोच. या गावात असा एक राक्षस राहतो आणि मला माहीत नाही? प्रियंकाला विचारलं, कोण आहे? ती म्हणाली, "मामाजी, तुमीच म्हटलं होतं, अध्यक्षालेबी सांगाचं नाही." मी म्हटलं, शाबास. तत्त्व ते तत्त्व.

पण त्या बाईची कीव आली. कोण असेल बिचारी.

१८ नोव्हेंबर

स्टँडर्ड डेव्हिएशन शिकलो. रांग किती वाकडी आहे त्याचं माप. ५.२ आलं. प्रियंका म्हणाली, एकट्या ४७मुळे. बाकी सगळे रांगेत आहेत, हा एकटा रांग सोडून मुकुटबनला जाऊन उभा आहे.

अशा आकड्याला आऊटलायर म्हणतात. कधी कधी तो वगळून हिशेब करतात. मी म्हटलं, वगळायचा नाही, शोधून बडवायचा. समितीच्या बैठकीत समजावून सांगितलं, आऊटलायर म्हणजे काय. सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. धनीबाई माझ्याकडे पाहत होती, मग सत्यभामेकडे पाहत होती. तिला विषय कठीण गेला असणार.

१ डिसेंबर, शनिवार

आज कोरिलेशन. दोन गोष्टी एकमेकांसोबत किती चालतात त्याचं माप, एकाच्या जवळ आलं की घट्ट. प्रियंकानं विचारलं, कोणते दोन कॉलम घेऊ? मी म्हटलं, एका कॉलममध्ये चौकात तंटा झाला की नाही, दुसऱ्यात मी हजर होतो की नाही. माझ्या कामाचं मोल तरी कळेल.

०.९३ आलं.

मी तीनदा पाहिलं. म्हणजे जिथे तंटा तिथे मी. एकही सुटला नाही! जिल्ह्यात असा अध्यक्ष नसेल. प्रियंका काहीतरी म्हणायला गेली की दुसऱ्या बाजूनंही विचार करता येतो. मी तिच्याच पुस्तकातलं पान काढून दाखवलं: दोन गोष्टी सोबत चालल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असते असं नाही. लाल पेननं खूण केली. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे.

९ डिसेंबर, रविवार

वांग्यात मीठ नव्हतं. तांब्या भिंतीकडे फेकला. भिंतीकडेच. सत्यभामा मध्ये आली.

कपाळावर तीन टाके. मुकुटबनच्या डॉक्टरनं विचारलं तर ती म्हणाली, उंबऱ्याला अडखळली. मी बाहेर बाकावर बसून होतो. दोन्ही हात काखेत दाबून ठेवले होते. थंडी आहे यंदा.

घरी आल्यावर म्हणाली, "आता माह्या नाही तं पोरीच्या अंगावर कायी आलं, तं मी नेरले भावाकडे चालली जाईन. मंग येनार नाही." मी हसलो. नेरला दोन बस बदलून जावं लागतं. तिला एकटीला जमायचं नाही.

मग ती पट्टी बांधलेलीच फळीकडे गेली. टक. पिंजरा फुकट गेला.

संकल्प: वस्तू फक्त मोकळ्या भिंतीवर. माणूस नाही ना ते आधी पाहायचं.

१५ डिसेंबर, शनिवार

दुसऱ्या महिन्याचे डबे. चमत्कार! ४७ सोडून सगळं गाव मिळून नऊ सरक्या. डबा फळीवर दिसतो म्हणून हात आपोआप खाली येतो, असं भीमसिंगनं स्वतः कबूल केलं. म्हणाला, "हात वर झाला का थो डबा पाहतो आपल्याकडे." म्हणजे माझी युक्ती लागू पडली! मी त्याला मिठी मारायला गेलो, तो मागे सरकला.

आणि घर नंबर ४७? चव्वेचाळीस. तीन वाढल्या!

रक्त उकळलं. सगळं गाव सुधारतं आणि हा नालायक, हा जनावर बायकोच्या अंगावर हात टाकतोच आहे. एकदा हाताला लागू दे. त्याचे दोन्ही हात कोपरापासून मोडून त्याच्याच डब्यात भरीन. चौकात कडुनिंबाला बांधीन आणि गावातल्या प्रत्येक बाईच्या हाती मध्यस्थ देईन. हे सगळं घरी मोठ्यानं बोललो. बोलता बोलता खुर्ची मोडली.

सत्यभामा खाली बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "असं कराच तुमी. मी पाह्यला येतो."

बऱ्याच दिवसांनी आमचं एकमत झालं.

२८ डिसेंबर

आठ दिवस तापानं अंथरुणात. तोंडाला चव नाही, हातात बळ नाही. या आठ दिवसांत चौकात एकही तंटा नाही. माझा दरारा अंथरुणातूनही पोचतो.

सत्यभामा डोक्यावर पट्ट्या ठेवत होती. घर शांत होतं. उंदीरही गेले वाटतं.

१ जानेवारी २००८, मंगळवार

नवीन वर्षाचे संकल्प:
रोज एक नवीन फॉर्म्युला.
राग आला की शंभरपर्यंत मोजायचे.
घर नंबर ४७ला उघडं पाडायचं.

दुपारी ३. सत्तावीसपर्यंत मोजलं. पुढे चहा गार झाला होता. उंदीर परत आले.

१५ जानेवारी, मंगळवार

तिसरे डबे. बाकी गाव: तीन सरक्या. नंबर ४७: अडतीस. सहा कमी झाल्या. गेल्या महिन्यात मी चौकात त्याच्याविरुद्ध जी भाषणं केली त्यांचा धाक. पण आता दया नाही.

टीम तेवीसला येते आहे. ठरवलं, टीमसमोर, सगळ्या गावासमोर वही उघडायची. गुप्ततेचं तत्त्व मी घातलं, मीच उठवतो. असा अध्यक्ष त्यांनी पाहिलेला नसेल.

प्रियंका म्हणाली, "मामाजी, वही घरी उघडू न. आपनच पाहू पहिले." मी म्हटलं, घाबरतेस काय? तुझ्या सासऱ्यापेक्षा वरचढ कोणी आहे का गावात? ती रडायला लागली. पोरीचं मन फार हळवं.

२३ जानेवारी, बुधवार

लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.

मांडव घातला होता. दोन साहेब, एक मॅडम. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. चार्ट मोठा करून पांढरकवड्याहून छापून आणला होता. तीन महिन्यांचे तीन खांब. टेबलावर नमुन्याला काही डबे ठेवले होते, त्यांत आमचाही निळा. मी मीडियन सांगितला, मोड सांगितला. साहेब टाळ्या वाजवत होते. मॅडम लिहून घेत होत्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं.

मग मी म्हणालो, हे तिन्ही खांब एकाच माणसाचे आहेत. तीन महिन्यांत एकशे तेवीस वेळा त्यानं घरात हात उगारला. या माणसाला बायको द्यायची नाही, पाणी द्यायचं नाही, वेशीच्या आत ठेवायचं नाही.  देवीलाल जमिनीकडे पाहत होता. मला वाटलं, भाषण भिडलं.

प्रियंकाला म्हटलं, वही उघड. ती म्हणाली, "मामाजी, घरी." मी म्हटलं, इथेच. ती म्हणाली, "मामाजी, पाया पडतो." मी मध्यस्थ आपटला. म्हटलं, वाच!

बायांच्या बाजूनं सत्यभामा उभी राहिली. कपाळावरची खूण उघडी होती, पदर घेतला नव्हता. म्हणाली, "वाच पोरी. थ्यायनंच सांगतलं हाय."

प्रियंकानं वाचलं. सत्तेचाळीस. पंजाबराव मास्तर.

कोणाला आश्चर्य वाटलं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. बासष्ट घरांत एकटा मीच असा होतो ज्याला माहीत नव्हतं.

मग काय झालं ते नीट आठवत नाही. मी प्रियंकाच्या अंगावर धावलो हे सगळे सांगतात. मध्यस्थ वर गेला होता. देवीलाल आणि भीमसिंगनं दोन्हीकडून धरला, कट्कन मोडला. मी भीमसिंगच्या हाताला चावलो. टेबल पडलं, साहेबांचा चहा पडला, डब्यातली सरकी मांडवभर झाली. पोळ्याला ज्या दोघांचा तंटा मी मिटवला होता ते माझ्या छातीवर बसले होते, एकजुटीनं.

सत्यभामा सावकाश आली. खाली वाकून एक सरकी उचलली. निळा डबा सरळ केला. सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, माझ्याकडे पाहत आत टाकली.

टक.

घरात उंदीर नव्हते.

२४ जानेवारी, दुपारी

शांत डोक्यानं विचार केला. चूक डेटाची आहे. फेकलेली वस्तू आणि उगारलेला हात एकच धरायला नको होते. पाट आणि ताट एकाच वेळी गेलं असेल तर एकच सरकी. शिवाय सॅम्पल लहान. शिवाय आठ दिवस मी आजारी. हे सगळं प्रियंकाला समजावून सांगायचं होतं.

दोघी सकाळी दहाच्या बसनं गेल्या. सत्यभामेनं दोन बस बदलून जायचं कागदावर लिहून घेतलं होतं. कधी लिहून घेतलं कोण जाणे, कागद घडीवर घडी पडून जुना झालेला होता. मी म्हटलं, स्वयंपाकाचं काय? ती म्हणाली, "मीठ फळीवर हाय, निळ्या डब्याच्या बाजूले."

३ फेब्रुवारी, रविवार

राजदीपचा फोन. म्हणाला, "बाबा, प्रियंकाले घेऊन आलो हैदराबादले. आई नेरलेच राहीन म्हन्ते." मी विचारलं, दिवाळीला सुटी खरंच नव्हती का? तो म्हणाला, "बाबा, फोन ठेवतो."

ग्रामसभा झाली. मला बोलावणं नव्हतं, बाहेरून ऐकलं. अध्यक्ष धनीबाई. अर्ज पाठवला: गावातले तंटे जवळपास शून्य, एक घर वगळून. आऊटलायर वगळून हिशेब करता येतो हे मीच त्यांना शिकवलं होतं. कडुनिंबाची फांदी त्यांनी तोडली नाही. बोर्ड दोन हात अलीकडे लागणार आहे.

१० फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२

एक्सेल उघडलं. फेब्रुवारीचा कॉलम नवीन केला, एकट्यानं, स्पेसबारशिवाय. सरासरी टाकली. डिव्ह झिरो. भागायला काही नाही.

खिचडी लावली. खाली लागली. मीठ दोनदा पडलं. पहिला घास तोंडात घेतला आणि डोकं फिरलं, तांब्या उचलून फेकला. भिंतीवर आदळून गडगडत माझ्याच पायापाशी आला.

आणि मी वाट पाहत बसलो. स्वयंपाकघराकडे कान लावून, किती वेळ बसलो माहीत नाही. बाहेर कोणीतरी कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा टाकला, त्याचा आवाज आला. दुसरा कोणताच आवाज आला नाही. सत्यभामा कधी मोठ्यानं बोलली नाही, तेवढं एक टक होतं तिचं. मला तिची फार आठवण आली.

पदराच्या गाठीतली सरकी ती फळीवरच सोडून गेली होती. नोंद चुकायला नको म्हणून मीच उठलो आणि एक सरकी डब्यात टाकली.